जीभ चाचपणारी बाई

कॅनडातल्या हॅलिफॅक्सच्या फेरीबोटीत ती रोज तोंडात बोट घालून जीभ चाचपत बसायची. लोक जरा लांबच बसत. एकदा तिच्या पुस्तकाच्या समासात मराठी अक्षरं दिसली, म्हणून मी विचारलं, "दात दुखतोय का?"

"नाही हो, फोनेटिक्सची परीक्षा आहे. कुठल्या उच्चाराला जीभ कुठे लागते, ते बघतेय."

नागपूरला ती पुलांची इंजिनियर होती. आता स्पीच थेरपीच्या मास्टर्सला अप्लाय करण्याआधीचे कोर्स करत होती.

"या वयात?"

"यांना स्ट्रोक झाला, बोलणं गेलं. इथल्या थेरपिस्टनं इंग्रजी परत आणलं, मराठी तिला येत नाही. आता चहा दिला की हे मला 'थँक यू' म्हणतात. जन्मात कधी म्हणाले नव्हते. मला त्यांचं मराठीतलं खेकसणं परत हवंय."