स्टँप चुकवताना मिळालेली बहीण

"हा मुलूख निजामाचा, राज्य इंग्रजाचं अन् कारभार नागपूरचा, मंग स्टँप कोनाच्या बापाचा?" असं म्हटल्याशिवाय संपतरावांच्या घशाखाली सकाळचा चहा उतरत नसे. खामगावातल्या त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत मी भाडेकरू होतो. शाळेत मास्तर असल्यामुळे मला याचं उत्तर येत असणार, असा त्यांचा समज. ते मूळचे मोताळ्याकडचे, कपाशीचे मोठे शेतकरी. माणूस कंजूष नव्हे. वाटसरूला हाताला धरून पंगतीला बसवतील, बैलजोडीला मागेल ती किंमत देतील. पण घर घेताना सरकार मागतं तो स्टँप म्हणजे त्यांना दिवसाढवळ्याचा दरोडा वाटे. "घर तिचं, पैसा माहा. मधात सरकार काऊन?" हे त्यांचं अर्थशास्त्र, आणि मला ते कधी खोडून काढता आलं नाही.

ते घर त्यांनी यमुनाबाई नावाच्या विधवेकडून घेतलं होतं. बाईंना मूलबाळ नव्हतं. घर विकून त्या देऊळगाव राजाला पुतण्याकडे राहायला जाणार होत्या. कापसाच्या बाजारात कुणीतरी संपतरावांच्या कानात सांगितलं, की खरेदीखताला स्टँप जबर, बक्षीसपत्राला मात्र नावापुरता. झालं! किंमत त्यांनी बाईंच्या पदरात पुरी घातली, पण कागदावर लिहवलं, की यमुनाबाई हे घर मानलेल्या भावाला प्रेमापोटी बक्षीस देत आहेत.

नोंदणी कचेरीतल्या साहेबांनी कागद वाचून बाईंना विचारलं, "हे तुमचे कोण?"

"भाऊ," बाई पदर सावरून म्हणाल्या.

मग साहेबांनी भावाला समजावलं, की बक्षीस असो वा खरेदी, घराच्या किमतीवर स्टँप सारखाच. कमी पडला तेवढा भरा, वर दंड भरा. घर विकत घेतलं असं कबूल करावं, तर खोटा कागद केल्याचा गुन्हा! संपतरावांनी मुकाट्याने दोन्ही भरलं. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं, असं आम्ही सारे हसलो.

धुपाटणं नव्हे, बहीण आली होती. दिवाळीला यमुनाबाई गाठोडं घेऊन दारात उभ्या. "भाऊबीजेले आली रे भाऊ. साहेबासमोर बहीन झाली, मंग मले माहेर नोको?" विकलेल्या घराला माहेर करणारी बाई मी तेवढीच पाहिली. आल्या आल्या त्यांनी तुळस हलवल्याबद्दल वहिनींना फैलावर घेतलं. ओवाळणीचं लुगडं विरळ सुताचं निघालं, म्हणून ते दुकानात परत पाठवलं.

"पाहा मास्तर, दरसाल स्टँप भरून राह्यलो मी," संपतराव म्हणाले. पण बदलून आणलेलं लुगडं पहिल्यापेक्षा पुष्कळ भारी होतं.

पुढे एका पावसाळ्यात त्या भाऊबीज नसताना आल्या, पत्र्याची पेटी घेऊन. घराचे पैसे संपले तशी पुतण्याची मायाही आटली होती. त्यांनी काही मागितलं नाही. नुसत्या ओट्याच्या कडेला बसून राहिल्या. संपतरावांचा थोरला मुलगा चिडून म्हणाला, "बाबा, हे कोन लागते आपली? नगद पैसे मोजून घर घेतलं आपन."

"हळू बोल बे!" संपतरावांनी त्याचं तोंड दाबलं. "कागद खोटा हाय असं कोनी आयकलं, त मले बेड्या पडतीन. पेटी आत ठेव तिची."

ते साहेब केव्हाच बदलून गेले होते. त्यांच्या निरोपाच्या चिवड्यावर संपतरावांनीच सगळ्यात जास्त ताव मारला होता. पण हे आठवण्याची ती वेळ नव्हती, म्हणून मी पेटीला हात लावला.

यमुनाबाई मधल्या खोलीत शेवटपर्यंत राहिल्या, आणि एक दिवसही कुणाला धाकाशिवाय जेवू दिलं नाही. त्या गेल्या तेव्हा संपतरावांनी डोकं भादरलं, सुतक धरलं. दोन दिवस चहाला शिवले नाहीत. मला राहवेना. त्यांना बोलतं करावं म्हणून आमची जुनी थट्टा काढली, "सुटलात, संपतराव. आता कागद खोटा होता म्हणायला हरकत नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि तो धिप्पाड माणूस ओट्यावर बसल्या बसल्या लहान पोरासारखा रडायला लागला.

"खोटा कसा, मास्तर?" उपरण्याने नाक पुसत ते म्हणाले. "पुरा स्टँप भरला हाय त्याच्यावर. दंडासकट."