तीनचा भोंगा

आमच्या अंबरनाथच्या गॅलरीतून एमआयडीसीतल्या एका कंपनीची चिमणी दिसायची. हे तिथेच सुपरवायझर होते. लोक म्हणायचे, काय सोय आहे, चालत घरी! सोय होतीच, पण त्या कंपनीचा भोंगाही आमच्या घरी यायचा, तोही न बोलावता, दिवसातून तीनदा, पाळी बदलताना. सकाळी सातला नळाचं पाणी आणि स्टोव्हचा आवाज यांत तो बुडून जायचा. रात्री अकराला माझी मुलगी गाढ झोपलेली असायची. दुपारी तीनचा मात्र वैरी होता.

ती तेव्हा सात वर्षांची होती. बोलायची अगदी मोजकं, कुणाच्या डोळ्यांत बघायची नाही, आणि डब्यांची झाकणं लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने लावत तासन्‌तास बसायची. डॉक्टरांनी कागदावर ‘मतिमंद’ असं लिहून दिलं होतं. ऑटिझम हा शब्द माझ्या कानावर पडला तो पुष्कळ वर्षांनी. शाळेने दोन महिन्यांत हात टेकले, मग दिवसभर घरी आम्ही दोघीच. तीनचा भोंगा झाला की ती कान दाबून किंचाळायची, भिंतीवर डोकं आपटायची आणि संध्याकाळपर्यंत कॉटखाली जाऊन बसायची. जेवण नाही, पाणी नाही.

माझा राग नाकाच्या शेंड्यावर. शेजारणी म्हणायच्या, “लाडावून ठेवलंय तुम्ही हिला.” हळूहळू मलाही ते पटायला लागलं. एवढ्या वस्तीत भोंग्याने कुणाला काही होत नाही, हिलाच काय ते! एका दुपारी मी तिला कॉटखालून ओढून काढलं आणि थोबाडीत मारली. ती रडली नाही. ज्या हाताने मारलं तोच हात ओढून तिने आपल्या कानावर दाबून धरला. त्यानंतर मी तिच्यावर हात उचलला नाही, पण ओरडणं काही सुटलं नाही.

दसऱ्याला कंपनीत मशीनची पूजा असायची. त्या दिवशी घरच्यांनाही आत सोडायचे. बायका नव्या साड्या नेसून यायच्या, पोरं पेढ्यांसाठी. एरवी मी तिला कुठेच नेत नसे. त्या वर्षी म्हटलं, सुट्टी आहे, आज भोंगा कुठला वाजायला? तिला बजावून सांगितलं, “आज भोंगा नाही.” रस्ताभर ती तेच म्हणत होती. आज भोंगा नाही. आज भोंगा नाही.

इतकी वर्षं कंपनीतल्या माणसाची बायको असूनही मला तिथला रिवाज माहीत नव्हता. पूजा झाली की प्रत्येक मशीन नावापुरतं एकदा चालू करायचं, मग बंद. आणि गेटवरच्या केबिनमध्ये भोंग्याच्या बटणालाही झेंडूची माळ घातलेली होती.

आम्ही निघताना गेटवर पोचलो, तर म्हातारा वॉचमन हळदकुंकू वाहून बटणाकडे हात नेत होता. “थांबा! वाजवू नका!” मी अशी ओरडले की सगळे वळून बघायला लागले. हिने कान झाकले, डोळे मिटले. हे खालच्या आवाजात म्हणाले, “काका, तिला भोंग्याची भीती वाटते.”

वॉचमन बारवी धरणाकडच्या आदिवासी पाड्यावरचा. त्याने हात मागे घेतला. “भोंगा कुठून वाजतो, तिला दावलाय का कोनी?”

आमच्या दोघांच्याही ते डोक्यातच आलं नव्हतं.

“मंग घाबरंल नाय तं काय करंल?” तो बाजूला सरून स्टुलावर बसला. “ये गो बाय. तूच वाजव. नको वाटला तं आज नाय वाजवायचा.”

मग तो तिच्याकडे बघेनाही. तंबाखू मळत नुसता बसून राहिला. मागे सगळी मंडळी खोळंबली होती. मी दोनदा तिला ओढायला पुढे झाले, दोन्ही वेळा ह्यांनी मला धरलं. बऱ्याच वेळाने तिचा एक हात कानावरून सुटला. तिने माळ सरकवली, बटण दाबलं, सोडलं. भोंगा वाजला आणि थांबला. तिने पुन्हा दाबलं. मग ती हसली. आमच्याकडे नाही, बटणाकडे बघून. मी त्या गेटवर सगळ्यांसमोर रडले.

दुसऱ्याच आठवड्यात उल्हासनगरला कॅम्प दोनच्या बाजारातून मोठ्या आकड्यांचं घड्याळ आणलं. सिंधी दुकानदार म्हणाला, “बहनजी, लाइफटाइम चलेगी.” माझा काडीचा विश्वास नव्हता, पण चाललं बिचारं. तीनला पाच कमी असले की ती गॅलरीत जायची आणि भिंतीच्या एका पोपड्यावर बोट ठेवून उभी राहायची. काटा बाराला टेकला की दाबायची, आणि तिकडे भोंगा व्हायचा. सुट्टीच्या दिवशी मी “आज भोंगा नाही” म्हटलं की ती गॅलरीत जायची नाही. वर्षभर एक हात भिंतीवर, एक कानावर. पण कॉटखाली जाणं थांबलं, आणि चार वाजता ती माझ्याबरोबर चहा-बिस्किट खायला लागली.

ती पंधरा-सोळा वर्षांची असताना कंपनीला टाळं लागलं. ह्यांच्या नोकरीच्या काळजीत भोंग्याचं मी विसरूनच गेले. तीन वाजता तिने बोट दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. पुन्हा. मी स्वयंपाकघरातून बघितलं, तर आवाज कसलाच नव्हता आणि तिने दोन्ही कान झाकून घेतले होते.

मी धावत गॅलरीत गेले. समोरच्या गॅलरीत त्याच शेजारणी दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होत्या.

“दाब,” मी म्हटलं.

तिने दाबलं. मी पोटातून, जमेल तेवढ्या जोरात आवाज काढला, “भोंऽऽऽऽ!”

शेजारणींचे हात दोरीवरच राहिले. तिने बोट सोडलं, मी थांबले. तिने हळूच दुसराही हात कानावरून काढला आणि हसली. या वेळी भिंतीकडे नाही, सरळ माझ्याकडे बघून.

मग तिने पुन्हा दाबलं आणि मी पुन्हा वाजले.