गोल फेरीची बस

माझी मावशी शहराला वळसा घालणारी बस चालवायची. नदीकाठच्या कापडगिरण्या, रेल्वे कामगारांच्या चाळी, टेकडीवरचे बंगले आणि पलीकडे, फळबागा तोडून उभ्या राहिलेल्या नव्या इमारती. एका फेरीत बसमधली भाषा तीन-चारदा बदलायची. मावशी म्हणायची, डोळे मिटूनही सांगेन कुठे आलो ते, पण मिटत नाही, नोकरी जाईल.

काका गेल्यावर डेपोमागच्या दोन खोल्यांत ती आणि तिचे सासरे एवढीच माणसं उरली. सासऱ्यांचा जन्म त्या फळबागांतला. म्हातारपणी त्यांना वर्तमानाचा विसर पडत चालला. दुपार झाली की बूट घालून दाराशी बसायचे. घरी जायचं म्हणायचे. शेजारी म्हणाले, बाहेरून कडी घाला. मावशीला ते पटेना. ती त्यांना बसमध्ये आपल्या मागच्या सीटवर बसवायला लागली. काचेला नाक लावून ते शहर वाहताना बघत राहायचे.

एका दुपारी नदीवरून धुकं चढलं. इमारती अर्ध्याच दिसत होत्या. नव्या इमारतींच्या थांब्यावर सासरे म्हणाले, "आलं," आणि उतरून चालू लागले. मावशी बस बंद करून मागे धावली. तळमजल्यावरचं एक दार उघडं होतं. ते सरळ आत गेले, बूट काढले, खुर्चीत टेकले.

"पाणी दे गं," ते म्हणाले.

आत भाजी निवडत बसलेली बाई दूरच्या डोंगराकडून नुकतीच आलेली. आपली भाषा तिला जेमतेम यायची. तिने उठून पाणी दिलं. मावशी ओशाळून माफी मागायला लागली, तर ती म्हणाली, "राहू दे. माझे बाबा तिकडे. लांब."

बसमधले लोक खोळंबले होते. मावशीला त्यांना तिथेच सोडून जावंच लागलं. पुढच्या फेरीला येऊन बघते, तर सासरे बागेतल्या गोष्टी सांगतायत, ती आपल्या बोलीत काहीतरी सांगतेय. एकाचं दुसऱ्याला कळत नव्हतं आणि दोघं हसत होती.

मग रोज दुपारी ते तिथेच उतरायचे. दोन वर्षांनी, झोपेतच गेले. ती बाई आली, तिच्या भाषेत रडली. मावशी म्हणते, त्या दिवशी मला शब्द न् शब्द कळला.

आता मावशी निवृत्त आहे. दुपारी तिकीट काढून त्या बाईकडे जाते. तिची भाषा शिकतेय, आणि फार चुकीची बोलते म्हणे.