सात कळ्या आणि सिगडी

आमच्या घरी गमल्यांना भोकं पाडायचं काम माझ्याकडे होतं. पुस्तकात कुंडी लिहितात, पण ग्वाल्हेरात आम्ही मराठी माणसंही गमलाच म्हणतो, म्हणून मी तसंच लिहिते. बुडाला एक भोक असतंच, पण बाबांना कडेनंही सहा-सात लागत. भाजलेल्या मातीवर खिळा धरून हलके ठोके द्यायचे. तिनांतला एक गमला तरी हातात फुटायचा. शेवटी बाबांनी कुंभाराला सांगून कच्च्या मातीतच भोकं पाडून घ्यायचं ठरवलं. कुंभार म्हणाला, "बाबूजी, इसमें पानी रुकेगा कहाँ?"

"रुकना ही नहीं चाहिए."

"तो छलनी ले जाओ न, मिट्टी काहे को खराब करवाते हो?"

त्या गमल्यांत माती घालायची नसे. तळाला विटांचे तुकडे, त्यावर लाकडी कोळसा, आणि वर नारळाच्या शेंड्या. शेंड्या मी दाल बाजारातल्या एका दुकानातून आणायची. दुकानदाराला वाटे, आमच्या घरी भांडी फार घासतात. त्या उकळून, वाळवून, बोटांनी सुट्या करायच्या, आणि रोपाची मुळं त्यात अशी बसवायची की ती दाबली जाऊ नयेत. काही मुळं बाहेर हवेतच लोंबत. आईला ते बघवत नसे. "झाकून तरी टाका हो त्यांना, उघडी पडलीत," ती म्हणायची. बाबा म्हणायचे, "हवा खातात ती."

ही रोपं ऑर्किडची होती. दूरच्या दमट, गरम जंगलांतली, झाडांच्या फांद्यांवर वाढणारी. आमच्या शहरात त्यांचं काही काम नव्हतं. उन्हाळ्यात इथे लू, म्हणजे भाजणारा वारा, चालते आणि थंडीत सकाळी बादलीतलं पाणी हाताला चावतं. पण संस्थानाच्या काळात एका बागेत काचघर होतं, खाली गरम पाण्याचे नळ फिरवलेले, आणि बाबा तिथे बावीस वर्षं माळी होते. आजोबा संस्थानाच्या पायदळात होते. आमच्यात चौथीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. बाबा सही करतात, छापील अक्षर लावून लावून वाचतात. काचघरातलं सगळं ते त्यांच्या आधीच्या बड्या माळ्याकडून तोंडी शिकले.

राज्य विलीन झालं, मध्यभारत आलं, बाग एका खात्याकडून दुसऱ्या खात्याकडे गेली. कोणी वाईट वागलं असं मी म्हणणार नाही. पण नळ तापवायचा कोळसा यायचा थांबला. फुटलेल्या काचांच्या जागी पत्रे बसवले. दोन हिवाळ्यांत बहुतेक रोपं काळी पडली. उरलेली टाकून द्या असा हुकूम आला, तेव्हा बाबांनी लेखी परवानगी मागून घेतली आणि अकरा रोपं हातगाडीवरून नई सडकेमागच्या आमच्या दोन खोल्यांत आणली. मी तेव्हा शाळेत होते. मध्यभारत संपून भोपाळ राजधानी झाली, तोवर त्या अकरांतली तीन उरली होती. दोन नुसती पानं धरून होती. तिसऱ्याला त्या वर्षी दिवाळीनंतर दांडा फुटला आणि त्यावर सात कळ्या धरल्या. याची फुलं पांढरी, पंख पसरून बसलेल्या पतंगासारखी असतात, असं बाबा सांगत. मी पाहिली नव्हती.

त्याच दिवसांत बागेच्या नोकरांच्या दोन याद्या होत होत्या. वरच्या यादीत शिकलेले माळी, त्यांना भोपाळला कायमची जागा. खालच्या यादीतले इथेच रोजंदारीवर. याद्या करायला आलेले साहेब नागपूरकडचे होते. बाबांनी त्यांना फार विनवून घरी आणलं. ते मागच्या अंगणात छपराखाली उभे राहिले, आणि मी चहा घेऊन दारात.

"प्रमाणपत्र आहे का काही?"

"नाही साहेब. बस, काम आहे."

"हे बस काय? मराठी ना तुम्ही? मराठीत बोला की."

"मराठीच बोलतोय साहेब."

साहेब हसले. हसणं वाईट नव्हतं, पण माझे कान तापले. मग ते म्हणाले, "पाणी घालणं, छाटणी करणं कोणालाही येतं. तुम्हाला वेगळं काय येतं?"

बाबांनी गमल्याकडे बोट केलं. "हे फुलवता येतं."

"हे? आमच्याकडे काचघरातसुद्धा मेलं हे."

"महिन्याभरात या साहेब. सात कळ्या आहेत."

साहेबांनी वाकून कळ्या मोजल्या. "उघडल्या तर तुमचं नाव मी स्वतः वर घालीन," ते म्हणाले. त्यांनी ते मनापासून म्हटलं असं मला अजूनही वाटतं.

मी त्या वर्षी कॉलेजात होते, वनस्पतिशास्त्र घेऊन. बाबा गल्लीत कोणालाही थांबवून हे सांगत. घरातही काही झालं की म्हणत, "तिला विचारा, ती कॉलेजात हेच शिकते." मला ते ऐकून बरं वाटे आणि भीतीही वाटे. आम्ही कॉलेजात कांद्याच्या सालीचे काप सूक्ष्मदर्शकाखाली बघत होतो. ऑर्किडचं नाव एका परिच्छेदात आलं होतं.

जानेवारीत कचेऱ्यांमधले मोठे पाम पडाव नावाच्या मोहल्ल्यातून ट्रकात भरून भोपाळला जायचे होते. त्यांच्यासोबत बाबांना पाठवलं. तीन दिवसांचं काम. निघताना ते म्हणाले, "सकाळी कोमट पाणी, थोडंसं. संध्याकाळी आतल्या खोलीत आण, ठंडी लागू देऊ नको. बाकी तुला माहीतच आहे."

मी हो म्हटलं.

पहिल्याच संध्याकाळी गार वारा सुटला. रोप आतल्या खोलीत आणलं, खिडकी लावली, तरी पानांना हात लावला की गार लागत होतं. पुस्तकात होतं की उष्ण प्रदेशातली झाडं गारठ्यानं मरतात. काचघरात खालून नळ तापवत हे मला माहीत होतं. मी अंगणात सिगडी पेटवली, दगडी कोळसा लाल झाल्यावर ती आत आणून गमल्यापासून दोन हातांवर ठेवली आणि दार ओढून घेतलं. मला शंका आली नव्हती असं नाही. पण मी मनाशी म्हटलं, कोळसा तर याच्या मुळांशीही असतो. आणि धोका असता तर बाबा बोलले असते.

दुसऱ्या संध्याकाळीही तेच केलं. आई म्हणाली, "कोंडलंय गं आत. डोकं धरलं माझं."

"आई, दार उघडलं तर सगळी ऊब जाईल."

"तुझ्या त्या झाडाला ऊब, आणि आम्ही?" ती हसत म्हणाली आणि पदर डोक्याला बांधून बाहेर जाऊन बसली.

तिसऱ्या सकाळी दोन कळ्या जमिनीवर पडलेल्या होत्या. बाकीच्या पिवळ्या पडून सुरकुतल्या होत्या. मी एकीला नुसतं बोट लावलं तर ती हातात आली. दुपारपर्यंत दांडा मोकळा झाला. मी सिगडीतली राख अंगणाच्या कोपऱ्यात टाकली, सिगडी धुतली आणि पालथी घातली. का धुतली ते सांगायला मला आत्ताही जड जातं.

बाबा संध्याकाळी आले. पामच्या पात्यांनी हात चिरलेले होते. ते दांड्याकडे बघत उभे राहिले, मग अंगणात गेले, हातपाय धुऊन आले आणि जेवायला बसले. आईनं वाढलं. मी म्हटलं, "बाबा, गारठ्यानं झालं बहुतेक."

"हां," ते म्हणाले.

साहेब ठरल्याप्रमाणे आले. बाबांनी त्यांना रिकामा दांडा दाखवला. मी दारातच होते. सिगडी मी लावली होती, हे एवढंच वाक्य मला बोलायचं होतं. ते मराठीत म्हणावं की हिंदीत, याच्यावर माझं अडलं असं मी नंतर स्वतःला सांगत आले, पण ते खरं नाही. मी घाबरले होते.

"राहिलं साहेब," बाबा म्हणाले. "माझ्या हातून राहिलं."

"पुढच्या वर्षी फुलेलही," साहेब म्हणाले. पण यादी त्या आठवड्यात जाणार होती. बाबांचं नाव खाली गेलं. आता ते सार्वजनिक बागेत मेंदीचं कुंपण कापतात आणि गवताला पाणी सोडतात. त्यांच्यासोबत काम करणाऱ्यांना काचघर माहीत नाही.

बाबांनी दांडा खालच्या पेरापाशी कापला होता. होळीच्या सुमारास त्या पेरातून नखाएवढा हिरवा फाटा आला. तो बघताना आम्ही दोघंच अंगणात होतो. मी सिगडीचं सांगितलं. रडले नाही, एका दमात सांगून टाकलं.

"माहीत आहे," बाबा म्हणाले. "त्या कोपऱ्यात राख होती. धूर दिसला नाही तरी कोळशाची हवा कळ्यांना लागते. काचघरात कोणाला बिडीही ओढू देत नव्हते."

"मग जाताना सांगितलं का नाही तुम्ही?"

ते माझ्याकडे बघायला लागले. त्यांना प्रश्न खरंच कळला नव्हता. "तू कॉलेजात हेच शिकतेस ना? मी काय सांगणार तुला?"

मग त्यांनी विचारलं, "कळ्या का गळतात त्यानं? मला ठाऊक नाही. बड्या माळ्यालाही ठाऊक नव्हतं. तुमच्या किताबात असेल."

मी सगळं पुस्तक चाळलं. आमच्या सरांना विचारलं, ते म्हणाले, परीक्षेला नाही ते. वाचनालयातली दोन जाड इंग्रजी पुस्तकं शब्दकोश घेऊन वाचते आहे, अजून सापडलेलं नाही. फाट्यावर दोन कळ्या आल्या होत्या. लू सुरू झाली त्या आठवड्यात त्या वाळल्या. या वेळी सिगडी नव्हती.

बाबा अजून विचारतात. बागेतून येतात, डोक्याचं मुंडासं सोडतात, रोपाखाली बोट घालून शेंड्या ओल्या आहेत का बघतात.

"मिळालं का?"

"नाही बाबा, अजून नाही."

"बघ," ते म्हणतात. "असेल कुठेतरी लिहिलेलं."