चतुर बाहेर येतात तेव्हा

माघातल्या एका मंगळवारी माझी बायको शालन गेली.

चैत्रात मी ओढ्यावर गेलो. पाण्यात वाढलेले चतुर पंख घेऊन बाहेर पडतात ते पाहायला ती दरवर्षी जायची. मलाही बोलवायची. मी पुस्तकातून मान वर न काढता ‘उद्या’ म्हणायचो. निदान एकदा तरी, ती काय पाहत होती ते मला पाहायचं होतं.

लव्हाळ्याच्या पात्यावर एक चतुर नुकताच कातीतून सुटला होता. पंख ओले, चुरगळलेले. हे जीव महिनोन्‌महिने पाण्याखाली काढतात आणि पाणी कोमट झालं की थोड्या दिवसांत सगळे बाहेर येतात. कोण पाहायला आलं, कोण राहिलं, याची त्यांना खबर नसते. तिथे बसल्यावर मला त्याचं वाईट वाटलं नाही. उलट जरा धीर आला.

“सर, औंदा लवकर निघाले बगा,” ओढ्याच्या खालच्या अंगाला धुणं धुणारी पारूबाई म्हणाली.

“तुम्ही इतक्या खाली का? वर चांगला धोंडा आहे की.”

“शालनबाई बसू द्यायच्या व्हय तितं! साबणानं चतुरांची पिल्लं मरत्यात म्हणून माजी बादली उचलून हितं आणायच्या. लई भांडलो आमी.”

“आता कोण भांडणार आहे?”

तिने लुगडं पिळलं. “भांडायला कुणी न्हाई, म्हणून तर वर बसवत न्हाई.”

पंख वाळल्यावर चतुर उडून गेला.

शालन नाही. वरच्या धोंड्यावर अजून कुणी कपडे धूत नाही.