पांढऱ्या पळसाच्या बारा शेंगा

थापा मारण्यात तलासरीपासून डहाणूपर्यंत माझा हात धरणारा कुणी नव्हता. मी मास्तर होतो त्या शाळेच्या विहिरीत मगर आहे, हे मी तपासणीला आलेल्या दोन इन्स्पेक्टरांना पटवून दिलं होतं. ही एक खरी गोष्ट सांगायला मात्र अर्धं आयुष्य गेलं.

एकोणीसशे साठच्या आसपास मला बियांचं वेड लागलं. एकोणिसाव्या शतकातले वनस्पतीवाले साहेब दुर्मिळ झाडांचं बी एकमेकांना टपालाने धाडत, आणि आलेल्या बियाच्या बदली तोलामोलाचं बी उलट गेलंच पाहिजे, असा त्यांचा शिरस्ता होता. हे मी एका फाटक्या ग्रंथात वाचलं. मग म्हैसूरच्या एका निवृत्त वनाधिकाऱ्याशी माझंही तसंच जुळलं. त्यांनी ओंजळभर रक्तचंदनाचं बी पाठवलं. मी कळवलं, आमच्याकडे पांढऱ्या फुलांचा पळस आहे आणि त्याच्या बुंध्याशी वाघ झोपतो.

वाघ माझा. पळस खरा. एका वारली म्हाताऱ्याच्या बांधावर, आसपासच्या सगळ्या पाड्यांत तेवढा एकच. त्या वर्षी त्याला जेमतेम बारा शेंगा धरल्या, आणि पळसाच्या शेंगेत बी एकच असतं. बांधावरची रोपं गुरं तुडवत; शाळेला कुंपण होतं. म्हणून म्हाताऱ्याने सगळ्या शेंगा माझ्याच हाती दिल्या.

"सहा तुझ्या सायबाला. सहा इथं लाव, मास्तर. झाड आतून पोखरलंय, आता टिकायचं नाय."

मी हो म्हणालो. पण ओंजळभर रक्तचंदनापुढे सहा चपट्या शेंगा? म्हैसूरला काय वाटेल? डहाणू रोडच्या पोस्टात पुडकं शिवता शिवता मी बाराही आत कोंबल्या.

पावसात झाड पडलं. श्रावणात म्हातारा आला, कुंपणापाशी उकिडवा बसला आणि किती उगवली विचारू लागला.

मगरी-वाघ पाळणाऱ्या माझ्या तोंडून एवढंच निघालं, "एकही नाही."

 तो माझीच समजूत काढू लागला. "तू नको वाईट वाटून घेऊ. बीच म्हातारं झालं आसल."

म्हैसूरचं पत्र तेव्हा माझ्या खिशातच होतं. नऊ रोपं उगवली होती, शतशः आभार होते. दोन रोपं परत मागायला एक पोस्टकार्ड पुरलं असतं. पण त्यावर आधी लिहावं लागलं असतं, की बारातल्या सहा शेंगा माझ्या नव्हत्याच. ते कार्ड मी लिहिलं नाही.