फोटोपुरती दोरी

देव्हाऱ्यातल्या नाथापुढं दिवा लावणं मी बंद केलं, तेव्हा घरच्यांना वाटलं, मी देवावर रुसले. तसं नव्हतं. त्याच्याकडं बघायची मला लाज वाटत होती. पंधरा वर्षं मी गावात आशाताई आहे. बाळांच्या लसी, वजनं, आयांना दटावून दवाखान्यात नेणं, हेच माझं काम. जीभ माझी तिखट. कुणाचं चुकलं की सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलायचे. आणि शेवटी चुकले ती मीच.

आमच्याकडं बागांसाठी वस्तीवस्तीवर शेततळी आहेत. आत प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो. त्यावर शेवाळ धरलं की पट्टीचा पोहणाराही वर येत नाही, मग लेकरांचं काय! म्हणून प्रत्येक तळ्यात गाठी मारलेली दोरी सोडून ठेवायची, हे घरोघर सांगायचं आम्हाला काम लागलं. फोटो वर पाठवायचे होते. माझ्याकडं दोरी एकच. ती बांधायची, फोटो काढायचा, सोडायची आणि पुढच्या तळ्यावर न्यायची. "उद्या तुमची बांधा बरं का," एवढं म्हणून मी मोकळी. एका दिवसात सगळी तळी उरकली, वर माझं कौतुकही झालं.

आठव्या दिवशी त्यातल्याच एका वस्तीवरच्या संगीताची राणी घरामागच्या तळ्यात बुडाली. पाच वर्षांची पोर. पाण्यालगतच्या शेवाळात तिच्या बोटांचे ओरखडे उमटले होते. दोरी नव्हती. लोक म्हणाले, ताईंनी सांगितलं होतं, यांनीच ऐकलं नाही. सासूनंही संगीतालाच बोल लावला. मी खाली मान घालून ते सगळं ऐकून घेतलं, देवा, एक शब्द बोलले नाही.

दोन महिने अन्न गोड लागलं नाही. शेवटी राजीनामा लिहिला आणि तो द्यायला इंदापूरची एसटी धरली. संगीताच्या वस्तीचा फाटा वाटेतच. तो दिसू नये म्हणून डोळे गच्च मिटून बसले. शेजारी नऊवारीतली एक म्हातारी होती, ओळख ना पाळख. गाडी थांबली तशी तिनं मला कोपरानं ढोसलं.

"ऊठ की गं बाई, तुझं ठिकाण आलं."

"मला इंदापूरला जायचंय, आजी."

"न्हाय न्हाय, हितंच उतरायचंय तुला. चल, गाडी खोळंबलीया."

दुसरंच कुणी समजली असेल मला. म्हातारपणी होतं असं. पण मी उतरले. का, ते आजही सांगता येत नाही.

संगीता गोठ्यात शेण काढत होती. मी उभ्याउभ्याच बोलून टाकलं, "दोरी बांधलेली होती गं. मीच ती सोडून नेली."

तिनं हातातलं शेण पाटीत टाकलं. मग म्हणाली, "ठावं हाय मला. मी दारातनं बघत हुते. ऱ्हाऊ द्या की ताई, असं म्हणायचं व्हटावर आलं हुतं. पर फोटूचं काम, आपण कशाला मधी बोलावं, म्हणून गप बसले." आम्ही दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडलो.

मग तिनं घरातली दोरी आणली. "तुमीच बांधा," म्हणाली. मी दोरीत हातहातभर अंतरानं गाठी मारल्या, काठावरच्या लोखंडी खांबाला ती बांधली, तीनदा ओढून बघितली. संगीतानं पदर खोचला आणि दोरी धरून त्याच तळ्यात उतरली. मी "अगं नको" म्हणेपर्यंत ती गळ्याइतक्या पाण्यात होती.

इतकी वर्षं मी पोथीत वाचत होते, देवावर भार टाकावा. तो कसा टाकतात, हे त्या दिवशी बघितलं. माझ्याच हातानं तिची पोर घालवली होती, आणि माझ्याच गाठीवर जीव टांगून ती एकेक पाऊल वर येत होती. तेवढ्या वेळात माझ्या तोंडून नाथाचं नावही निघेना, नुसते डोळे वाहत होते. ती म्हातारी कोण होती, मला ठाऊक नाही. तिचे उपकार या जन्मात फिटायचे नाहीत.

संगीता काठावर आली, धापा टाकत बसली. मग दोरी माझ्या हातात दिली.

"गाठी लई लांब लांब हायेत, ताई. पाच वर्साच्या हाताला गावतील अशा मारा."